जांभळाचा रविवार

आमचे पपा रेल्वेत गाड्यांचे ब्रेक तपासायचे, आणि घरी आल्यावर उरलेलं सगळं जग तपासायचे. लोणावळ्याहून गाडी घाटात उतरायची तर आधी तिचे ब्रेक नीट लागतात की नाही ते पाहावंच लागतं, आणि पाहणाऱ्यांत पपा होते. लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालायचं, चाकावर ठोका द्यायचा, आवाज ऐकायचा, पुढं जायचं. हीच सवय घरात. दाराची कडी, सायकलची साखळी, कुकरची शिट्टी, माझं गणित, सगळ्यांवर एकेक ठोका. आई म्हणायची, "लग्नाच्या आधी मलाही ठोकून पाहिलं असतं, पण माझे वडील जवळ बसले होते." यावर पपा हसायचे नाहीत, पण मिशी हलायची, आणि तेवढं आम्हांला पुरायचं.

रेल्वेच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. दिवसभर गाड्यांचा खडखडाट, त्यात आईची भाकरी थापण्याची लय, आणि मालगाडीला मागून ढकलत घाट चढवून आणणाऱ्या इंजिनांची धाप. पाहुण्यांना आमच्याकडे झोप लागायची नाही आणि आम्हांला पाहुण्यांकडे. रविवारी मात्र घराचा वास बदलायचा. पहाटेच आई मटणाला वाटण लावून ठेवायची, इंद्रायणीचा तांदूळ निवडून ठेवायची, आणि उपासनेहून परत आलं की अर्ध्या तासात ताटं. त्या तांदळाचा वास चाळभर जायचा. आता माझ्या फ्लॅटमध्ये तोच तांदूळ शिजतो, पण खिडक्या बंद असतात, आणि शेजाऱ्यांना कळत नाही की आज आमच्याकडे काय आहे. याचं मला अजून वाईट वाटतं.

चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. रुळांपासून दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर, दगडी भिंती, वर पत्रा, आत बत्तीस बाकं. आमची मंडळी, म्हणजे देवळात जमणारी माणसं, थोडीच होती. पपा मंडळीचे चिटणीस, म्हणजे पुण्याच्या मुख्य कचेरीला जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीनं सगळ्यांनी पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, आणि त्याची सगळी तयारी आईकडे. ताज्या पावाच्या कडा काढून बारीक तुकडे करायचे. काळ्या मनुका शुक्रवारी भिजवायच्या, शनिवारी उकळून, चुरून, मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. तो द्राक्षरस रविवारी सकाळी चिमुकल्या काचेच्या पेल्यांत भरायचा. वीस वर्षं आई हे करत होती. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ते तबक हातात धरून प्रार्थना केली की मंडळी म्हणायची, "आमेन". मनुका कुणी चुरल्या हे कुणी विचारत नसे, आणि आईलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

एका वर्षी डिसेंबरात आमचे जुने पाळक निवृत्त झाले आणि पुण्याहून पत्र आलं की त्यांच्या जागी सुनंदाबाई वाघचौरे येत आहेत. पपांनी पत्र दोनदा वाचलं, उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली. बाई पाळक आमच्याकडे तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती. पत्रात एक सोय होती: सहा महिने बाईंना पाहा, मग मंडळीच्या पंचांनी लिहून कळवावं, ठेवायचं की नाही. आता ते लिहिणार कोण, तर पपा. त्यामुळे बाई स्टेशनवर उतरायच्या आधीच निम्मा निकाल आमच्या घरात लागला होता.

"बायबलात पौलानं स्पष्ट सांगितलंय," पपा म्हणाले. "बायकांनी मंडळीत गप्प राहावं."

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "बरं. मग येत्या रविवारपासून आम्ही गप्प राहतो. पेटी मी वाजवते, गीत आम्ही बायका उचलतो, मुलांची शब्बाथशाळा मी घेते. ते सगळं तुम्ही बघा. गाणं तुम्हीच सुरू करा."

पपांचा आवाज साऱ्या मंडळीला ठाऊक होता. ते म्हणाले, "विषय तो नाही."

"आणि प्रभू कबरीतून उठलाय ही बातमी पहिल्यांदा कुणी आणली? बायकांनी. पुरुष काय म्हणाले? बायकांची बडबड आहे, म्हणाले. तेव्हापासून तुमचं तेच चाललंय."

सुनंदाबाई आल्या त्या एक ट्रंक, एक कंदील आणि एक लुना घेऊन. नगरकडच्या, ठेंगण्या, सावळ्या, चाळिशीच्या. पांढरी साडी, आणि उपासनेच्या वेळी त्यावर झगा. त्यांच्या उपदेशाची एक गंमत होती. आमच्या देवळात उपदेश चालू असताना गाडी जायचीच. आधीचे पाळक गाडीवर आवाज चढवायचे, आणि त्यांचा घसा बसायचा, गाडी काही थांबायची नाही. सुनंदाबाई मध्येच थांबून गाडी जाऊ द्यायच्या. दुसऱ्याच रविवारी त्यांनी व्यासपीठावरून विचारलं, "मनोहरराव, ही कोणती?" आणि पपांच्या तोंडून निघून गेलं, "मालगाडी आहे. बेचाळीस डबे. अजून दीड मिनिट." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण शत्रुपक्षाला माहिती दिली, आणि ते मिशीत तोंड घालून बसले. पण बाईंनी दीड मिनिट मोजलं आणि अर्ध्यावरचं वाक्य पुरं केलं.

मला त्या आवडल्या, हे सरळच सांगते. मी पंधरा वर्षांची होते. आमच्याकडे शास्त्रवाचन, म्हणजे बायबलातला उतारा मोठ्यानं वाचणं, नेहमी पुरुषच करायचे, नियम म्हणून नव्हे, तर कुणाला दुसरं काही सुचलंच नव्हतं म्हणून. बाईंनी मला उभं केलं. मी पहिली चार वाक्यं एका दमात म्हणून टाकली. बाई हळूच म्हणाल्या, "प्रमिला, सावकाश. घाईतली माणसं बसस्टँडवर आहेत, इथं नाहीत." मी सावकाश वाचलं, आणि माझाच आवाज पत्र्याखाली फिरून माझ्याकडे परत आला. पुढं मी तळेगावला तीस वर्षं शाळेत शिकवलं. वर्गात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हाही मी हेच वाक्य मनात म्हटलं होतं. त्या सहा महिन्यांत मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे बाईंनी राहावं. रोज रात्री प्रार्थनेत मी ते मागायची, अगदी पपांच्या शेजारी बसून, अर्थात मनातल्या मनात.

पपा भांडले नाहीत. त्यांनी नियमात बसेल असा विरोध शोधला. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे रांगेनं पुढं जायचे, कठड्यापाशी गुडघे टेकायचे, तेव्हा पपा, पंचांतले साळवेमास्तर आणि मास्तरांचे मेहुणे असे तिघं बाकावर बसून राहायचे. बाईच्या हातून घेणार नाही, एवढाच त्यांचा अर्थ. आई उठायची, त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढं जायची, परत यायची. घरी मटण तेवढंच चवदार असायचं, फक्त मिठाची बरणी मागायची झाली तर दोघंही माझ्यामार्फत मागायची.

या भांडणावर सगळ्यांत मोकळेपणानं बोलल्या त्या हौसाबाई, आणि त्या तर आमच्या मंडळीतल्या नव्हेतच. त्या लोहगडवाडीच्या. मोसमात करवंदं, जांभळं घेऊन मळवलीहून गाडीनं यायच्या आणि पाटी आमच्या दारात टेकवून आधी चहा घ्यायच्या. एकदा सुनंदाबाईंची लुना चाळीसमोरून गेली.

"त्या पांढऱ्या साडीतल्या बाई कोन वं?" हौसाबाईंनी विचारलं.

"आमच्या पाळकबाई," आई म्हणाली. "उपासना त्या चालवतात. काही जणांना ते पटत नाही." आणि तिनं आतल्या खोलीकडे, म्हणजे पपांकडे, नजर टाकली.

"आन् त्यात न पटायला काय झालं? आमच्या वाडीत देवीची पूजा आदी म्हातारा करायचा. त्यो गेला, आता त्येची सून करती. देवी काय रुसली न्हाई. उलट आता गाभारा लय सोच्छ ऱ्हातो."

पपा बाहेर आले. "हौसाबाई, हा आमच्या मंडळीचा प्रश्न आहे."

"व्हय भाऊ. द्येव तुमचा न्यारा आसंल," हौसाबाई बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, "पन बाईमानूस समदीकडं येकच की."

त्या दिवशी आईनं पाटीभर जांभळं घेतली. साळवेमास्तरांना मधुमेह होता, म्हणून दर वर्षी ती त्यांच्यासाठी जांभळाचा रस करून ठेवायची. साखरेचा कण नाही, नुसता दाट, तुरट, घसा धरणारा रस. मनुकांच्या आणि या रसाच्या बाटल्या एकाच फडताळात, दोन्ही काळ्याभोर, आणि कुणावर चिठ्ठी नाही. आईला वासावरून कळायचं, चिठ्ठीची गरज काय?

जूनचा पहिला रविवार आला. पुढच्या रविवारी पंचांची बैठक होती आणि तिच्यापुढं ठेवायचं पत्र त्याआधी पपांना लिहायचं होतं, म्हणजे बाईंचं शेवटचं प्रभुभोजन ठरण्याची शक्यता होती. आईला नवीन गीताच्या सरावासाठी लवकर जायचं होतं. जाता जाता तिनं मला सांगितलं, "आतल्या फळीवरची बाटली घे. पेले आज तू भर." मी कानात प्राण आणून ऐकलं, पण त्या दिवसांत मला सर्दी झाली होती, डोकं जड होतं, आणि हात बाहेरच्या फळीवर गेला. मी वास घेतलासुद्धा. मला कशाचाच वास आला नाही. मी देवळात जाऊन पेले भरले, तबक पांढऱ्या रुमालानं झाकलं, आणि पहिल्यांदा एकटीनं केलं म्हणून खूशही झाले.

आमच्याकडे आधी भाकर, म्हणजे तो पावाचा तुकडा, देतात, मग प्याला. पहिली रांग कठड्यापाशी गुडघ्यांवर बसली होती, भाकर खाऊन झाली होती. रिवाजाप्रमाणे बाईंनी आधी स्वतःचा पेला घेतला. मी पाहत होते. त्यांच्या भुवया वर गेल्या. डोळे मिटले गेले. घोट गळ्याखाली उतरायला वेळ लागला. त्यांनी तबकाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, आणि मग नेहमीसारखंच शांतपणे पहिल्या माणसासमोर तबक धरलं.

रांगा पुढं जाऊन परत येऊ लागल्या. प्रत्येक जण ओठ घट्ट मिटून येत होता. आईचा पेला झाला आणि तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. माझा पेला झाला आणि मला सर्दीतसुद्धा कळलं. घसा धरला तो धरलाच. पण कुणी काही बोललं नाही. प्रभुभोजनाच्या वेळी शेजाऱ्याला कोपरानं ढोसून "तुला तुरट लागलं का?" असं कोण विचारणार? प्रत्येकाला वाटलं असावं की खोट आपल्याच जिभेत आहे, किंवा आपल्या पापात. मग शेवटचं गीत सुरू झालं, आणि साऱ्या मंडळीनं तोंडं उघडली. जांभळ्या जिभा, जांभळे दात. ऐंशी वर्षांच्या यमुनाआजींच्या बोळक्यापर्यंत सगळं जांभळं. व्यासपीठावर बाई, त्यांचीही जीभ जांभळी. साऱ्या देवळात फक्त तीन तोंडं स्वच्छ होती, आणि ती तिन्ही बाकावर बसून हे पाहत होती.

उपासना संपल्यावर देवळामागच्या खोलीत पपा आले. मागोमाग आई, आईमागं मी. पपा घाटातल्या गाडीसमोर उभे असावेत तसे सरळ उभे होते. त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं होतं.

"पेल्यांत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"जांभळाचा रस," सुनंदाबाई म्हणाल्या.

"तुम्हांला केव्हा कळलं?"

"पहिल्याच घोटाला. कळायला वेळ लागेल असा तो रस नव्हता."

"मग थांबवलं का नाही?"

बाई झग्याची बटणं काढत होत्या, त्या थांबल्या. "समोर यमुनाबाई गुडघ्यांवर होत्या. भाकर घेऊन झाली होती. त्यांना खाली बसायला किती वेळ लागतो ते तुम्ही तुमच्या जागेवरून पाहताच. त्यांना म्हणू का, उठा, चूक झाली, घरी जा? मला ते जमलं नाही. तुम्ही म्हणाल थांबवायला हवं होतं. असेलही. पुढच्या रविवारी मी मंडळीला सगळं सांगेन. पण भरलेले पेले आधी चाखून पाहायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. चूक माझी आहे, मनोहरराव. पत्रात तसंच लिहा."

"बाटली माझ्या घरची," आई म्हणाली. "मी स्वतः पाहायला हवं होतं. चूक माझी."

मी काहीच बोलले नाही. जीभ टाळूला चिकटली होती, आणि हे जांभळाच्या अंगावर ढकलायला मला आवडेल, पण खरं कारण भीती होतं.

त्या दुपारी मटण कुणी नीट खाल्लं नाही. पपांनी टेबल खिडकीशी ओढलं, दौत-टाक घेतला, कागदावर वर उजवीकडे गावाचं नाव लिहिलं आणि थांबले. बराच वेळ ते टाकाच्या मागच्या टोकानं टेबलावर ठोके देत होते. मी दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे पाहत होते. एकदा ते पत्र टपालपेटीत पडलं की बाईंची ट्रंक स्टेशनवर, हे मला दिसत होतं, आणि ते माझ्या हातानं होणार होतं. शेवटी मी आत गेले.

"पपा, बाटली मी काढली. आईनं बरोबर सांगितलं होतं, मी चुकीची काढली. पेलेही मीच भरले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आईनंही नाही."

पपांनी टाक खाली ठेवला. मला वाटलं आता कानाखाली बसते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बावीस वर्षं नोकरी झाली," ते म्हणाले. "गाडीत काही बिघडलं की चौकशी होते. प्रत्येक जण सांगतो, साहेब, माझी पाळी नव्हती. मीही सांगितलंय. आणि आज सकाळपासून तिसरी बाई येऊन मला म्हणतेय, चूक माझी."

मी बाई नव्हते, पंधरा वर्षांची होते, पण दुरुस्ती करायची ती वेळ नव्हती.

"आम्ही तिघं पुरुष सहा महिने हाताची घडी घालून बसलो," ते पुढं म्हणाले, पण हे मला नाही, खिडकीला. मग त्यांनी मला स्टूल ओढायला लावलं. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं होतं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. पहिल्या परिच्छेदात जांभळाची हकीकत जशीच्या तशी आली, काही लपवलं नाही, कारण पपा पपाच होते. चूक कुणाची, या ठिकाणी त्यांनी सांगितलं, "मंडळीची, असं लिही. पेल्यात काय आहे हे वीस वर्षांत आम्ही कधी विचारलं नाही." स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला होता. आई ऐकत होती. शेवटचं वाक्य सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही: "स्त्रियांनी पाळक व्हावं की नाही, हे मला अद्याप उमगलेलं नाही. परंतु या बाईंनी आमच्याकडे राहावं, अशी माझी नम्र विनंती आहे."

मला तेव्हा रडू आलं आणि 'विनंती'वर थेंब पडला. पपांनी पूर्ण पान पुन्हा लिहायला लावलं.

बैठकीत साळवेमास्तरांनी कुरकुर केली, विशेषतः त्यांच्या औषधाचा रस मंडळीनं पिऊन टाकला म्हणून. पण पत्र गेलं, आणि पुण्याहून होकार आला. आजही कुणी मला विचारतं की बायकांनी पाळक व्हावं का. हल्ली तर मोबाईलवर त्यावर मोठमोठे वाद चालतात, दोन्ही बाजूंना शास्त्रवचनं तोंडपाठ असलेली माणसं. मी वचनांत पडत नाही. मी त्यांना हा रविवार सांगते, आणि कुणी ऐकत नसेल तर मुकाट्यानं भात वाढते.

जुलैच्या पहिल्या रविवारी गीत सुरू झालं, बाकं एकेक रिकामी होऊ लागली. आई अजून पेटीवर होती. आमच्या बाकाची पाळी आली, मी उठले, आणि सवयीनं पपांच्या गुडघ्यांना वळसा घालायला वळले, तर तिथं गुडघे नव्हते. पपा उभे होते. ते माझ्या पुढं चालत गेले, रांगेच्या अगदी टोकाला, भिंतीजवळ. गाड्यांखाली आयुष्य काढलेला माणूस. त्यांचे गुडघे सहज वाकायचे नाहीत. एक हात कठड्यावर, दुसरा भिंतीला, असे ते हळूहळू खाली जात होते. सुनंदाबाई भाकरीचं तबक घेऊन त्यांच्यासमोर येऊन पोचल्या होत्या. गीताचं शेवटचं कडवं संपलं. आईनं पेटीवरून इकडे पाहिलं आणि गीत पुन्हा पहिल्यापासून धरलं. पपांचे गुडघे अजून जमिनीला टेकले नव्हते. बाई थांबल्या होत्या.